भुजंगधारीच्या खांद्यापासचे दोन तारे

८ ऑगस्ट १८६२ रोजी कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब मुंबई बंदरात उतरले. वय अठ्ठेचाळीस. आयुष्यातली बरीच वर्षे त्यांनी हिंदुस्थानात काढली होती आणि बिघडलेल्या प्रकृतीमुळे दोनदा त्यांना मायदेशी जावे लागले होते. या खेपेला ते नोकरीसाठी आलेले नव्हते. पुण्याजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंचीवर वेधशाळा उभारायची आणि तीन वर्षे तिथे राहून आकाशाचे वेध घ्यायचे, असा त्यांचा बेत होता. ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले होते आणि नऊ इंची लेरेबूर दुर्बीण त्यांनी पदरमोड करून घेतली होती. पावसाळा ऐन भरात होता, भोर घाटातला लोहमार्ग अजून पुरा व्हायचा होता. जेकब पुण्याला पोचले आणि १६ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. डोंगरावरची वेधशाळा कागदावरच राहिली.

पुणे त्यांना परके नव्हते. सॉमरसेटमधल्या एका पाद्र्याचा हा मुलगा ॲडिस्कमच्या लष्करी विद्यालयात शिकून बॉम्बे एंजिनियर्समध्ये दाखल झाला आणि १८३१ साली मुंबईला आला. काही वर्षे जमीनमोजणीच्या खात्यात काढल्यावर १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा सुरू केली. पाच फुटी डॉलंड दुर्बिणीतून पुण्याच्या आकाशात त्यांनी २४४ जोडताऱ्यांची मोजमापे घेतली आणि त्यांची यादी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने छापली. १८४८ च्या अखेरीस त्यांच्याकडे मद्रास वेधशाळेची सूत्रे आली. पुण्याच्या इतिहासात या माणसाचे नाव क्वचितच निघते. माझ्या मते ते ठळकपणे निघायला हवे, कारण दुसऱ्या एखाद्या सूर्याभोवती ग्रह फिरत असला पाहिजे हे मोजमापांच्या आधारे म्हणण्याचे धाडस त्यांनी केले. सूर्यमालेबाहेर ग्रह असतील, त्यांवर वस्ती असेल, असे तर्क शतकानुशतके चालत आले होते. जेकब यांनी त्या प्रश्नाला आकडे दिले.

ज्या ताऱ्यावरून त्यांनी हे म्हटले तो भुजंगधारी तारकासमूहात आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत त्याचे नाव ७० ऑफियुकी. नुसत्या डोळ्यांना तो एक मंद ठिपका दिसतो. लहानशा दुर्बिणीतून पाहिले की त्याचे दोन होतात. विल्यम हर्शेल यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जोडी ओळखली. आपल्यापासून साडेसोळा प्रकाशवर्षांहून थोडे अधिक अंतरावर, सूर्याहून जरा थंड असे हे दोन तारे एकमेकांभोवती ८८ वर्षांत एक फेरी पुरी करतात.

अशा जोडताऱ्याचे वेध घेणे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. दुर्बिणीच्या नेत्रिकेत अत्यंत बारीक तंतू ताणलेले असत. त्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरत. एक तंतू जागचा हलत नाही, दुसरा बारीक आट्यांच्या स्क्रूने सरकतो. एका तंतूवर एक तारा धरायचा, स्क्रू फिरवत दुसरा तंतू दुसऱ्या ताऱ्यावर आणायचा आणि स्क्रूचे किती वेढे झाले ते वाचायचे. हे झाले अंतर. मग संपूर्ण चौकट फिरवून दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ उत्तर दिशेशी किती अंशांचा कोन करते तेही टिपायचे. मोजायचे अंतर असते काही विकलांचे. अडीच सेंटीमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरवर धरले तर ते जेवढे दिसेल तेवढी एक विकला, आणि जेकब यांना तिच्याही दहाव्या भागाशी काम होते. वर हवा थरथरत असते आणि तिच्याबरोबर तारा तंतूवर नाचत असतो. एकाच रात्री दोन निरीक्षकांनी घेतलेली मापे जुळत नसत.

अशा सुमारे पाऊणशे वर्षांच्या मापांमधून जेकब यांनी ७० ऑफियुकीची कक्षा काढली. गणिताने दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष दिसलेली जागा यांचा मेळ बसेना. तारा ठरलेल्या वाटेवरून किंचित इकडे, मग किंचित तिकडे जात होता. १८५५ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी लिहिले की या जोडीत एखादा न दिसणारा ग्रह असणे अत्यंत संभवनीय आहे.

हा विचार त्या काळी वेडगळ मुळीच नव्हता. युरेनस आपल्या वाटेवरून ढळतो एवढ्यावरून गणिताने जागा सांगितली आणि तिथे १८४६ साली नेपच्यून सापडला, त्याला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. बेसेल यांनी १८४४ मध्ये व्याधाच्या डुलण्यावरून त्याला एक अदृश्य जोडीदार असल्याचे सांगितले होते, आणि तो जोडीदार जानेवारी १८६२ मध्ये, म्हणजे जेकब यांच्या अखेरच्या वर्षी, अमेरिकेत अल्वन क्लार्क यांना दुर्बिणीतून दिसला. इंग्लंडमध्ये तर त्या सुमारास अन्य जगांवरून रणे माजली होती. पृथ्वीखेरीज कुठे बुद्धिमान जीव असल्याचा काहीही पुरावा नाही, असे विल्यम ह्यूएल यांनी १८५३ च्या पुस्तकात मांडले. डेव्हिड ब्रूस्टर यांनी पुढच्याच वर्षी त्याला जोरदार उत्तर दिले. दोघांकडेही युक्तिवाद होते, धर्मशास्त्र होते, भूगर्भशास्त्रही होते. दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह मात्र कुणाच्या हाती नव्हता.

जेकब यांच्याही हाती तो लागलेला नव्हता. त्यांना दिसलेला हेलकावा वेधांमधल्या चुकांचा होता. हे उमगायला मात्र बराच काळ गेला. १८९६ मध्ये अमेरिकेत टी. जे. जे. सी यांनी त्याच ताऱ्याभोवती ३६ वर्षांत फिरणारा एक काळोखा गोल असल्याचे जाहीर केले. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणित करून दाखवले की अशा कक्षेत तो गोल टिकणेच अशक्य आहे. दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत त्याची वाट मोडून जाईल. सी यांनी चिडून इतके तिखट उत्तर लिहिले की ज्या पत्रिकेत हा वाद चालला होता तिचे दरवाजे त्यांना कायमचे बंद झाले. १९४३ साली रॉइल आणि होल्मबर्ग यांनी पुन्हा तिथेच ग्रह असल्याचे म्हटले, तेही टिकले नाही. २००६ मध्ये टेक्ससच्या मॅक्डॉनल्ड वेधशाळेतल्या मापनांनंतर एवढे ठरले की या ताऱ्याजवळ, आपल्या गुरूच्या कक्षेइतक्या टापूत, गुरूएवढा ग्रह नाही. लहान ग्रहांचा प्रश्न अजून खुला आहे.

त्याच आभाळात, ७० ऑफियुकीपासून अवघ्या दोन-तीन अंशांवर, दुसरा तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एडवर्ड बार्नार्ड यांच्या १९१६ साली लक्षात आले की हा फिकट तांबडा तारा वर्षाला दहा विकलांहून अधिक सरकतो. इतक्या वेगाने सरकताना दिसणारा दुसरा तारा आकाशात नाही. अंतर सहा प्रकाशवर्षे; सूर्य आणि मित्र या तारामंडळातले तीन तारे सोडले तर आपला सर्वांत जवळचा शेजारी.

पीटर व्हान द कांप हे मूळचे डच. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजची स्प्राउल वेधशाळा त्यांच्याकडे आली आणि १९३८ पासून त्यांनी बार्नार्डच्या ताऱ्याचा पाठपुरावा सुरू केला. चोवीस इंची दुर्बिणीवर काचेच्या पट्ट्या लावून छायाचित्रे घ्यायची आणि भोवतीच्या ताऱ्यांच्या संदर्भात तो तारा कुठे आहे ते मोजायचे, असे हे काम होते. दोन हजारांहून अधिक पट्ट्या जमल्या. विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यात राबल्या. १९६३ मध्ये त्यांनी जाहीर केले की ताऱ्याला डुलवणारा, गुरूच्या दीडपटीहून थोडा जड असा एक ग्रह तिथे आहे आणि तो २४ वर्षांत फेरी घालतो. काचेवर हे डुलणे भरत होते मिलिमीटरचा हजारावा भाग. पुढची दहा वर्षे पाठ्यपुस्तकांत हा ग्रह खरा मानला गेला.

१९७३ साली जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिख आयकहॉर्न यांनी दुसऱ्या वेधशाळांतल्या पट्ट्या मोजून पाहिल्या. डुलणे नाही. त्याच वर्षी स्वार्थमोरमधलेच जॉन हर्शी यांनी त्याहून बोचरी गोष्ट पुढे आणली. ग्लीझ ७९३ या भलत्याच ताऱ्याच्या स्प्राउल पट्ट्यांवरही तसेच डुलणे दिसत होते, आणि दोन्ही तारे नेमके १९४९ मध्ये आणि १९५७ मध्ये उडी घेत होते. १९४९ मध्ये दुर्बिणीच्या भिंगाची चौकट बदलली होती. १९५७ मध्ये भिंग पुन्हा नीट बसवले होते. तारा जागच्या जागी होता, हलली होती ती दुर्बीण.

व्हान द कांप यांनी हे कधीच मान्य केले नाही. निवृत्तीनंतर ते नेदरलँड्सला परतले, नव्या मापांनी आकडे सुधारत राहिले आणि मे १९९५ मध्ये वारले. मला त्यांच्याबद्दल राग येत नाही. पण चाळीस वर्षे एकाच दुर्बिणीवर विसंबलेल्या माणसाने दुसऱ्या दुर्बिणीची साक्ष नाकारावी, याचे दुःख होते.

यानंतर दुसऱ्या सूर्यांचे ग्रह हा विषय काढणे म्हणजे प्रतिष्ठा पणाला लावणे झाले. कॅनडाचे गॉर्डन वॉकर आणि ब्रूस कॅम्पबेल यांना १९८८ मध्ये गॅमा सेफी या ताऱ्याभोवती ग्रहाची चाहूल लागली. १९९२ मध्ये त्यांनी तो दावा मागे घेतला आणि २००३ मध्ये तो ग्रह खरा ठरला. जुलै १९९१ मध्ये इंग्लंडचे अँड्र्यू लाइन यांनी एका स्पंदकाभोवती, म्हणजे मेलेल्या ताऱ्याभोवती, ग्रह सापडल्याचे प्रसिद्ध केले. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या परिषदेत त्यावर भाषण करायला ते उभे राहिले, ते तो ग्रह नसल्याचे सांगायला. पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याची वजाबाकी हिशेबात नीट झाली नव्हती, चूक त्यांनी स्वतः शोधली होती आणि शेकडो तज्ज्ञांसमोर ती सविस्तर मांडली. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच परिषदेत अलेक्झांडर वोल्शान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवतीच्या दोन ग्रहांची माहिती दिली, आणि ते ग्रह आजतागायत टिकले आहेत. मेलेल्या ताऱ्याच्या मारक किरणोत्सारात फिरणारे ते गोल. तिथे जीवसृष्टीची आशा नाही. तरी सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह तेच.

सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह हाती आला तो वेगळ्या वाटेने. तारा आकाशात डावी-उजवीकडे किती सरकतो हे मोजण्याऐवजी तो आपल्याकडे येतो-जातो किती वेगाने हे त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून मोजता येते. ऑटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ सालीच सुचवले होते की गुरूसारखा ग्रह ताऱ्याच्या अगदी लगत, काही दिवसांत फेरी घालत असेल तर या पद्धतीने तो सापडेल. इतक्या लगत एवढा मोठा ग्रह असेल कसा, असे वाटून ती सूचना पडून राहिली. मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ५१ पेगासी हा तारा पाहिला तेव्हा नेमके तेच आढळले: गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह, फेरी फक्त सव्वाचार दिवसांची. ६ ऑक्टोबर १९९५ रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांनी हे जाहीर केले. व्हान द कांप यांना जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. २०१९ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले.

मग खरा प्रश्न पुढे आला: राहण्याजोगा ग्रह कुठे आहे? सू-शू ह्वांग यांनी १९५९ मध्ये ताऱ्याभोवतीच्या वसतियोग्य पट्ट्याची कल्पना मांडली होती आणि जेम्स कास्टिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिच्या मर्यादा हिशेबाने बांधल्या. पट्ट्याची अट एकच असते: तिथे ठेवलेल्या पृथ्वीसारख्या ग्रहावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. हवा आहे का, पाणी खरोखर आहे का, तारा शांत आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर पट्टा देत नाही. आपला मंगळ काही हिशेबांनी या पट्ट्यात बसतो आणि तो वाळवंट आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विल्यम बोरुकी यांनी नासाकडे अवकाश दुर्बिणीचा प्रस्ताव दिला: हजारो ताऱ्यांकडे एकटक पाहायचे आणि ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो तो पकडायचा. पृथ्वीएवढ्या ग्रहाने सूर्याचा उजेड दहा हजारांत एक भागानेही घटत नाही. प्रस्ताव चार वेळा फेटाळला गेला. दर खेपेला बोरुकी आक्षेपांची उत्तरे प्रयोगशाळेत करून दाखवत राहिले आणि २००१ मध्ये मंजुरी मिळाली. केपलर नावाचे हे यान ७ मार्च २००९ रोजी उडाले, हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांच्या बाजूला सुमारे दीड लाख ताऱ्यांवर डोळा ठेवून बसले आणि २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत २,६०० हून अधिक ग्रह देऊन गेले. वसतियोग्य पट्ट्यातला पृथ्वीएवढ्या आकाराचा पहिला ग्रह, केपलर-१८६एफ, २०१४ मध्ये त्यांतूनच निघाला. चिकाटीचे याहून चांगले उदाहरण मला या इतिहासात दिसत नाही.

उतावळेपणाही अर्थात संपला नव्हता. २०१० मध्ये ग्लीझ ५८१ या ताऱ्याभोवती पट्ट्याच्या मधोमध एक ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता आपल्या मते शंभर टक्के आहे, असे शोधकर्त्यांपैकी स्टीव्हन व्होग्ट पत्रकारांना सांगून बसले. २०१४ मध्ये दिसून आले की तो ग्रह ताऱ्याच्याच चुंबकीय डागांनी निर्माण केलेला आभास होता.

जे टिकले तेही मोठे आहे. २०१६ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा या ताऱ्याच्या पट्ट्यात पृथ्वीहून थोडा जड ग्रह सापडला. पण हा तारा अधूनमधून भडकतो आणि प्रखर किरणांचा मारा करतो. २०१७ मध्ये चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ भोवती पृथ्वीएवढ्या सात ग्रहांचे कुटुंब जाहीर झाले, त्यांतले तीन पट्ट्यात. वेब या अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये त्यांतला सर्वांत आतला ग्रह तपासला, तेव्हा त्यावर दाट वातावरण असल्याचे चिन्ह मिळाले नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत, पृथ्वीवर सागरी सूक्ष्मजीव तयार करतात तशा वायूचा माग लागल्याचे म्हटले. इतर गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली आणि पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नासाच्या यादीने सहा हजारांचा आकडा ओलांडला. या सहा हजारांत ज्याच्यावर पाणी आणि श्वास घेण्याजोगी हवा असल्याचे सिद्ध झाले आहे असा एकही ग्रह आज नाही. वर्तमानपत्रांनी ‘दुसरी पृथ्वी’ हे शब्द तोवर आवरावेत.

बार्नार्डच्या ताऱ्याची गोष्ट तरी पुरी झाली. २०१८ मध्ये तिथे २३३ दिवसांत फिरणारा ग्रह असल्याचे प्रसिद्ध झाले आणि तीन वर्षांत तोही आभास ठरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या एस्प्रेसो उपकरणाने तीन दिवसांत फेरी घालणारा एक लहान ग्रह पक्का केला आणि २०२५ मध्ये हवाईतल्या वेगळ्या दुर्बिणीच्या मापांसह एकूण चार ग्रह मान्य झाले. चारही पृथ्वीहून हलके, ताऱ्याला चिकटलेले आणि पाणी टिकू नये इतके तापलेले. व्हान द कांप यांनी सांगितलेल्या ग्रहाशी त्यांचा काही संबंध नाही.

७० ऑफियुकी आणि बार्नार्डचा तारा हे दोन्ही महाराष्ट्रातून दिसतात: मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला, ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर संध्याकाळी पश्चिमेला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे आणि आता गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांतही आकाशनिरीक्षण मंडळे आहेत. त्यांना माझी विनंती आहे. चार इंची दुर्बिणीला ७० ऑफियुकीचे दोन तारे वेगळे दिसतात. आज त्यांच्यातले अंतर सहा-सात विकला आहे. कॅमेरा जोडला तर बार्नार्डच्या ताऱ्याचे सरकणे दोन-तीन वर्षांच्या छायाचित्रांत मोजता येते. सातवी-आठवीतल्या मुलामुलींच्या हाती हे काम द्या. दर वर्षी अंतर आणि कोन मोजा, तारीख घाला, कोणती दुर्बीण वापरली ते लिहा, आणि चूक किती असू शकते तो आकडाही शेजारी लिहा.